मुठीतला मिठाचा खडा

कासू, ता. पेण
८ डिसेंबर २०२४

ती. कमळाकाका यांस,
भूमिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, तुझी आणि मनालीताईची खुशाली कळव. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. 'यांस' आणि 'नमस्कार' इथपर्यंतच, पुढे तुला तूच म्हणणार.

पत्र का, तर फोनवर तू 'हां, बरा हाय' एवढं बोलतोस आणि फोन मनालीताईच्या हातात देतोस. वर सांगतोस, कानाला ऐकू येत नाय. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, बाबा ओटीवर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजतात!" तेव्हा म्हटलं पत्रच लिहू. चष्मा लाव आणि स्वतः वाच. लेकीला वाचायला लावलंस तर मला कळेल.

आधी बस बघू. बसलास?

मिठी सापडली.

अरे हो, आपली मिठी. गेल्या महिन्यात रोह्याला प्रणितचं लग्न होतं. प्रणित म्हणजे माझ्याबरोबर कर्जतकडच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकवतो तो. वरात निघाली, बँड दणाणत होता, आम्ही शाळेतली मंडळी कडेने चाललो होतो. उकडत होतं, हाताला घाम आलेला. आणि मधेच नवरदेवाची घोडी रांग सोडून सरळ माझ्या अंगावर यायला लागली. वर प्रणित फेटा सावरत ओरडतोय, "ए भूमिका, काय केलंस गं हिला?" मी काहीच केलं नव्हतं. घोडी समोर उभी राहिली, मान खाली केली आणि माझा तळहात चाटायला लागली. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, एकही जागा न सोडता.

मी डाव्या कानाकडे बघितलं. कुंपणाच्या तारेने पडलेली चीर तशीच होती.

काका, त्या बँडचा आवाज मला एकदम ऐकू येईनासा झाला. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. लोक म्हणतात मी रडत होते आणि प्रणितच्या सासूबाईंना वाटलं की माझंच त्याच्याशी काही होतं की काय!

तिचा मालक हरेश म्हणून आहे, भला माणूस. तू ज्याला विकलीस त्याच्याकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे, अशी फिरत आलेली. म्हणाला, "हिला मिठाचं भारी वेड. आता उजव्या डोळ्यानं दिसत नाय, यंदाची ही शेवटची वरात. तुमची होती तर घेऊन जा, सुखानं राहील." टेम्पोत घालून मी तिला कासूला आणली. तिच्यापायी शाळेतून लांब रजा घेऊन मीही इथेच आहे. परसात पाऊल टाकल्याबरोबर ती तुझ्या बंद खोलीच्या दारापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. आता रोज दुपारी जाते आणि उभी राहते.

मला आठवतं, मी सात वर्षांची होते. मिठागराच्या बांधावर तू मला तिच्या पाठीवर गोणपाटावर बसवलंस आणि लगाम देण्याआधी दोन्ही मुठींत मिठाचा एकेक खडा दिलास. म्हणालास, "जास्त आवळलीस की हात घामेल आणि खडा विरघळेल. भ्यालीस का नाय ते मला विचारायला नको, खडाच सांगेल." पहिल्या दिवशी दोन्ही खडे गेले. तळव्यात नुसतं पाणी. तू हात मिठीपुढे धरायला लावलेस आणि तिने सगळी भीती चाटून पुसून साफ केली. दोन महिन्यांनी खडे परत यायला लागले.

आता मी मोठमोठ्या माणसांच्या पोरांना हेच शिकवते. शाळेचे सर पहिल्या दिवशी माझं बसणं बघून म्हणाले होते, "कुठल्या क्लबात शिकलीस?" मी म्हटलं, मिठागरात. त्यांना तो कुठला तरी क्लबच वाटला. बूट, टोप्या, चकचकीत खोगिरं, सगळं आहे तिथे. मी मात्र पेणच्या बाजारातून खडे मीठ नेते. पोरं घाबरत वर चढतात, मुठी मिटतात, आणि अर्ध्या तासाने उघडून दाखवायला धावत येतात. त्यांच्या त्या उघड्या मुठी बघितल्या की मला भरल्या दुपारी झोपेत असल्यासारखं वाटतं. समोर चौदा घोडे असतात आणि मी एकाच घोडीवर असते.

त्या दिवशी रोह्याला होते तर अष्टमीला तुझ्याकडे का आले नाही, असं विचारशील. पूल ओलांडला की तुझं घर. पण टेम्पोवाला थांबला होता, घाई करत होता. राहून गेलं.

आई बरी आहे. बाबा बरे आहेत, डोलवीला कंपनीत कंत्राटावर जातात. तुझा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

भात चांगला आला यंदा. खाडीकडच्या बाहेरकाठ्याबद्दल काही लिहीत नाही.

तू ये ना. घोडीला बघायला ये. बाकी कोणाकडे बघू नकोस हवं तर.

तुझी,
भूमिका

---

अष्टमी
१९ डिसेंबर

चि. भूमिकास आशीर्वाद.

पत्र पोचला. स्वता वाचला. घोडी सापडली, बरा झाला. म्हातारी हाय, दात गेले असतील. कोंडा भिजवून देत जा. मीठ रोज देऊ नको, पाणी जास्त पिते मग. ज्या डोळ्यानं दिसत नाय त्या बाजूनं जाताना आधी आवाज दे.

मी काय येत नाय. तिथं माझा काय राहिलाय.

कमळाकर

---

कासू
५ जानेवारी २०२५

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. कोंडा भिजवून देते. मीठ एक दिवसाआड देते, ओरड हवं तर. 'तिथं माझा काय राहिलाय' हे वाक्य मात्र कार्ड पालथं ठेवलं तरी मला दिसत राहिलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. टेम्पोवाला थांबला नव्हता, तो जेवायला गेला होता आणि माझ्याकडे सगळी दुपार होती. मी पुलावर आले. अर्ध्यापर्यंत आले. खाली कुंडलिका बघत उभी राहिले आणि मागे फिरले. पंचवीस वर्षांची घोडी झाले तरी काकाच्या दारात उभं राहायची माझी छाती झाली नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे. बारा वर्षं आपण दोघं गप्प बसलो. आज मी बोलणार आहे, मधे थांबवू नकोस.

श्रावणातलं उधाण होतं. तू पेणला गेला होतास, मिठीला गोंडे आणायला. पाऊस दोन दिवस उघडला होता. तू मला शंभरदा बजावलं होतंस की बाहेरकाठ्यावर घोडी न्यायची नाय. खाडी अडवणारा तो एकच मातीचा काठ, आत अख्ख्या गावाचा भात. पावसाळ्यात वरून सुकला तरी आतून ओला असतो, टाप रुतली की भोक पडतं, भोकात खेकडा शिरतो, आणि खेकड्यामागून खाडी. मला सगळं पाठ होतं. तरी नेली.

बाहेर खाडी काठोकाठ भरलेली, आत भातात पाणी, आणि मधे तेवढी एक वाट. आभाळ दोन्हीकडे उतरलेलं. मी मुठीत खडे घेतले आणि चढले. मिठी चालली, मग दुडकी चालली, आणि मग मी काही सांगितलं नाही काका, आईशप्पथ, ती आपणहून चौखूर सुटली. जन्मभर बँडमागे पाय मोजत चाललेली घोडी! खाली ढग, वर ढग. बगळे उठत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. टापांचासुद्धा नाही. मला वाटलं आता आपण घरी परत जाणारच नाही, असंच पाण्यावरून कुठेतरी जात राहू, आणि त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उघाडीपाशी, शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, येऊन ती थांबली. मी मुठी उघडल्या. दोन्ही खडे कोरडे, त्यांचे कोपरेसुद्धा झिजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला काठ फुटला. खांड गेली.

गाव जमलं. खारं पाणी भातात शिरत होतं, बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, आणि खांडीच्या दोन्ही अंगांना टापा होत्या. कोणीतरी ओरडलं, "ही कमळ्याची घोडी!" तू वाकलास. खूप वेळ वाकून बघत होतास. टापा वाचायला तूच मला शिकवलं होतंस. तुझ्या वजनाखाली मिठीची टाप खोल आणि जवळजवळ पडायची. त्या टापा उथळ होत्या आणि लांबलांब. तू उठलास, बायांच्या घोळक्यात माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि म्हणालास, "व्हय, मीच नेली होती. पेणला जायच्या आधी."

मी तोंड उघडलं नाही.

तीन वर्षं शेतात दाणा पिकला नाही. कोणी आपली घोडी वरातीला बोलावली नाही. धोंडुआजीने तुझं नाव 'खांड्या' ठेवलं आणि पोरंसोरं ते ओरडायला लागली. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू मिठी विकलीस आणि मनालीताईकडे गेलास. खेकड्यांची बिळं जुनी होती, उधाणही मोठं होतं, हे सगळं खरं असेल. पण टापा माझ्याच होत्या.

आणि याहून वाईट गोष्ट अजून सांगायचीच आहे. त्या सकाळी मी जेवढी सुखी होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही. मी घोड्यांच्या मागे घर सोडून गेले, पोटापाण्याला लागले, ते सगळं त्या अर्ध्या तासापायी. नवीन घोड्यावर बसले की मला तोच काठ दिसतो, तेच ढग. तुझं गाव सुटलं त्यातूनच माझं आयुष्य उभं राहिलं. त्याची मला लाज वाटते, आणि तरी रात्री स्वप्न पडतं ते त्या खांडीचं नाही, त्या धावण्याचं पडतं. माफी मागायची आहे ती याची.

आता इथलं ऐक. परवा काठाची दुरुस्ती निघाली. घरटी एक माणूस. बाबांची शिफ्ट होती म्हणून मी गेले. तुला ठाऊक आहे कसं असतं, खाडीतून काठापर्यंत माणसांची रांग आणि चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात. माझ्या पुढे धोंडुआजी. वयाची ऐंशी झाली तरी घरी बसत नाही. गोळा घेताना म्हणाली, "खांड्यानं करून ठेवला नि आपण अजून निस्तरतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, खांड्या मी हाय. काका नाय."

तिने गोळा धरून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या, चिखलाच्या हातांनी. ती वळली, गोळा पुढच्या बाईला दिला आणि गोळ्याबरोबर गोष्टही दिली. तिने पुढच्याला. मी बघत होते काका, एकेक मान माझ्याकडे वळत होती. टोकाला जगनदादा होता. त्याच्या हातात पोचलं तेव्हा रांग थांबली. तो तिथून ओरडला, "गो भूमिके, खरा काय हा?"

मी म्हटलं, "व्हय! नाव ठेवायचा तर मला ठेवा!"

खाडीच्या ओहोटीचा बुडबुडा ऐकू येत होता. मग धोंडुआजी हळू म्हणाली, "त्याला नाव मीच ठेवला गो. आता कुठल्या तोंडानं काढू?" आणि लगेच माझ्यावर खेकसली, "दे पुढं, गोळा सुकतोय!"

रांग परत चालू झाली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही, पण कोणी मला रांगेतून काढलंही नाही.

बाबांना घरी यायच्या आधीच स्टेशनवर कळलं होतं. जेवायला बसले, घास हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, "बारा वर्षं माझ्या भावाशी बोललो नाय मी." मला एक शब्द नाही. दोन दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सकाळी उठून बघते तर तुझ्या खोलीमागे ठाणातला कुजका खुंटा उपटून नवा ठोकत होते. आई म्हणाली, "अहो, घोडीला खुंटा आहे की इकडे." तर म्हणतात, "तिचा माणूस आला तर आपल्या दारात बांधील, का माझ्या?"

एवढंच राहिलंय इथे तुझं. एक खुंटा, एक एका डोळ्याची घोडी, एक भाऊ ज्याला फोन करता येत नाही, आणि मी. रोह्याहून गाडीत बसलास की तिसरं स्टेशन. नाही आलास तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मिठी रोज दुपारी त्या दारात उभी राहते, आणि ती किती दिवस राहील, सांगता येत नाही.

हे लिहिताना हात इतका घामेजलाय की शाई फुटली आहे. खडा असता तर केव्हाच विरघळला असता.

तुझी,
खांडी भूमिका

---

अष्टमी
१६ जानेवारी

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचला. मनाली विचारते काय लिवलाय, मी सांगितला, घोडीचा लिवलाय.

तू म्हणतेस ना मनात, का काकानं मला वाचवला, माझ्यासाठी केला. तसा काय नाय. आता तू ऐक. तू बोललीस, मी पण बोलतो.

त्या दिवशी वाकून टापा बघल्या. तुझ्या हायत ते पहिल्या टापेलाच कळला. चौखूर गेलेली घोडी. माझ्याखाली ती कधी चौखूर गेली नाय, माझी तेवढी हिंमतच नाय झाली कधी. काठ चार हात रुंद, दोन्हीकडं पाणी, आणि एक टाप वाकडी नाय. सरळ रेघ, उघाडीपर्यंत. तेरा वर्षांची पोर! गाव बोंबलत होता, माझ्या भावाचा भात डोळ्यासमोर बुडत होता, आणि माझ्या मनात काय आला, तर वा गो पोरी! छाती अशी भरून आली. हरिख झाला मला, त्या जागेवर, त्या वेळेला. मग दादाकडं बघला आणि लाज वाटली. म्हणून बोललो मीच नेली. ज्याला हरिख झाला त्यानं बोलणी खावी, असा हिशोब केला. गावानं मला हाकलला नाय. दादाच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून गेलो.

हे मी मनालीच्या आईच्या फोटोला पण सांगितला नव्हता.

आणि ते नाव मला परत दे. बारा वर्षं घालून घालून मऊ झालाय, तुला टोचेल. धोंडुकाकीला सांग, काढू नको, आता कोणी कमळाकर म्हटला तर मी वळून बघणार पण नाय.

दादानं खुंटा कसला ठोकला, बाभळीचा असेल तर ठीक, दुसरा टिकायचा नाय.

२६ तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. घोडी स्टेशनात आणू नको, भोंग्याला बिचकेल. काठ सुकला असेल तर तिला काठावर ने, सावकाश, चालीनं, तू वर बस. मी मागून चालत येईन. टापा बघायच्या हायत.

मीठवाल्याकडनं दोन खडे आणलेत. रोह्याला गाडीत बसताना मुठीत धरीन. कासूला उतरलो की माझी मूठ आधी दादाला नको दाखवू, तू उघडून बघ. पाणीच असेल. हसू नको गो. तशीच घोडीपुढं धर.

तुझा,
खांड्या काका